‘बघ मामा, काही झालं नाही’

सॉल्ट लेक सिटी
मंगळवार, रात्रीचे साडेनऊ

चि. छोटीस,


रविवारी आल्टाहून उतरताना पाऊण तास तू गाडीत एक शब्द बोलली नाहीस. मीही बोललो नाही. घरापाशी उतरलीस, बोर्ड काढलास, "येते" म्हणालीस आणि चढताना तळाला चिकटवायच्या त्या स्किन्स माझ्या डिकीत ओल्याच टाकून गेलीस. रागावलेलं माणूस काहीतरी विसरतंच. तुझी आई एकदा माझ्याशी भांडून दहिवडीच्या स्टँडवर एसटीत चढली ती नवी छत्री बाकावर ठेवून, आणि साताऱ्याला पोचेपर्यंत तिला पत्ता नव्हता. तेव्हा स्किन्सचं काही नाही. तळघरात दोरीवर वाळत घातल्यात.

फोन करणार होतो. पण फोनवर तू "हो रे मामा, कळलं" म्हणतेस आणि विषय बदलतेस. कागदावर तुला मधे बोलता येणार नाही, एवढाच माझा फायदा.

तुझा मुद्दा अगदी साधा होता. आल्टावरच्या कार्डिफच्या खिंडीत आपल्याला तीन मुलं भेटली, दोघं स्कीवर, एक तुझ्यासारखा स्प्लिटबोर्डवर. आपण सव्वादहाला गाशा गुंडाळला. ती पलीकडे तिसऱ्यांदा उतरली, पुन्हा चढून खिंडीत आली आणि साडेबाराला आपल्याच उतारावरून आरोळ्या ठोकत रस्त्यावर आली. मी गाडीशेजारी घडीची खुर्ची टाकून दुर्बिणीतून बघत होतो, तू बॉनेटवर बसून थालीपीठ खात होतीस. त्यांच्यातल्या एकानं तुला हात केला. तू माझ्याकडे वळून म्हणालीस, "बघ मामा, काही झालं नाही."

खरंय. काही झालं नाही. एक वाजेपर्यंत मी तिथं मुद्दाम बसून राहिलो, तू दोनदा घड्याळ पाहिलंस तेही मी पाहिलं. काल हिमस्खलन केंद्राकडे आलेल्या नोंदी चाळल्या. त्या उतारावरून संध्याकाळपर्यंत काही खाली आल्याचं कुणी कळवलेलं नाही. म्हणजे तुझं तिसरं उतरणं मी फुकट घालवलं असं तुला वाटत असेल तर ते चूक ठरवायला माझ्याकडे पुरावा नाही. पण त्याच तीन शब्दांवर मी आयुष्याची अकरा वर्षं काढली आहेत. ती गोष्ट तुला कधी सांगितली नाही. सांगतो, पण आधी रविवारबद्दल, कारण तो दिवस इतका सुरेख होता की त्याची सुरुवात भांडणानं करणं बरं नव्हे.

शनिवारी दुपारी वादळ ओसरलं तेव्हा खाली शहरात ट्युलिप भिजत उभे होते आणि वर सव्वा फूट नवा बर्फ पडला होता. आपल्याकडे चैत्र लागला की थंडी गेली म्हणजे गेली. इथला एप्रिल तसा नाही, तो सोमवारी उन्हाळा दाखवतो आणि शुक्रवारी पुन्हा जानेवारी. २०२२-२३ च्या हिवाळ्यात आल्टाला ९०३ इंच बर्फ पडला, जवळपास तेवीस मीटर, म्हणजे सात मजली इमारत. त्यातला पुष्कळसा मार्च-एप्रिलमध्ये आला आणि तिथं जाणारा लिटल कॉटनवुड खोऱ्याचा रस्ता कित्येक दिवस बंद होता. माणच्या दुष्काळात टँकरमागं हंडे घेऊन पळालेला माणूस मी. तू मैत्रिणीचा कुत्रा बरोबर आणू का विचारलंस आणि मी नाही म्हटलं, ते माझं तिरसटपण नव्हतं. ह्या खोऱ्यातला बर्फ वितळून शहराच्या नळाला येतो, म्हणून इथं कुत्र्यांना बंदी आहे. मला हा नियम फार आवडतो. पाण्याची इतकी काळजी घेणारं गाव मला परकं वाटू शकत नाही.

सहाला आपण चढायला लागलो. पहाटे रस्त्याच्या वरचे उतार स्फोट करून मोकळे केले जातात, तोवर तिथं चढायला मनाई असते. ती उठल्याची खात्री आपण खालीच करून घेतली होती. अंधारात तुझा दिवा पुढं, माझा मागं. बर्फावर स्किन सरकते तो आवाज मला अजून नीट सांगता येत नाही. कोऱ्या धोतराचा घोळ सावरत कुणी शेजारून गेल्यासारखा. टाच मोकळी, बोटं अडकलेली, पाऊल उचलायचं नाही, नुसतं पुढं ढकलायचं. तू अजून उचलतेस. म्हणूनच तुला धाप लागते. नाहीतर दमसास माझ्यापेक्षा तुझा दुप्पट आहे.

तुझ्या त्या बोर्डाची जन्मकथा ह्याच गावची आहे, ठाऊक आहे का? स्नोबोर्ड उभा चिरून चढताना त्याच्या दोन स्की करायच्या आणि माथ्यावर पुन्हा जोडायच्या, हा उद्योग ब्रेट कोबरनिक नावाच्या तरुणानं इथल्या व्होले कंपनीबरोबर केला आणि १९९४ च्या सुमारास तो बाजारात आला. त्याआधी स्नोबोर्डवाले पाठीवर बोर्ड बांधून पायांत बर्फावरचे जाळीचे बूट घालून तंगडतोड करायचे. मला गंमत वाटते ती पुढच्या भागाची. हाच कोबरनिक नंतर युटाच्या हिमस्खलन केंद्रात रोजचं भाकीत लिहिणारा झाला. लोकांना वर न्यायची सोय आधी केली, मग त्यांना कुठं जाऊ नका ते सांगायला बसला.

खिंड साधारण दहा हजार फुटांवर. आपण पोचलो तेव्हा ऊन नुकतंच धारेवर आलं होतं. मी काठी उलटी करून बर्फात खुपसली आणि तुलाही खुपसायला लावली. वर पिठासारखा मऊ, खाली एकदम टण्ण. गेल्या आठवड्यातल्या उन्हानं वितळून रात्री गोठलेला जुना थर, करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखा. नवा बर्फ त्याच्यावर बसलेला होता, चिकटलेला कितपत होता हा प्रश्न. आपण हातभर चौकोन कापून ओढून पाहिला, तो रेंगाळत सुटला, झटकन नाही. उत्तरेचं अंग थंड, वारा बेताचा. म्हटलं, जाऊ.

बोर्ड जोडताना तुझी एक कडी बर्फानं भरली होती आणि तू ती दातांनी उकरत होतीस. तेवढ्यात मी टाचा अडकवून तयार. स्कीवाल्यांचा हा माज मला मान्य आहे. पण नंतर तू माझ्या पुढून गेलीस आणि मी तो माज गिळला. मी जवळजवळ चाळीस वर्षं स्की करतो, डोंगरावरून उतरणं म्हणजे माझ्यासाठी हिशेब: इथं वजन, तिथं धार. तू नुसती ओघळलीस. मागं बर्फाचा पडदा उभा राहिला, त्यातून ऊन आरपार गेलं, आणि तुझा आवाज खालून आला तेव्हा तू मराठीत ओरडत होतीस. असा आनंद मी सहसा कागदावर मांडत नाही, बिघडतो. इतकंच सांगतो की पुन्हा वर चढताना मी तुझ्यामागं मुद्दाम हळू चाललो, कारण डोळ्यांना धार लागली होती आणि ती वाऱ्यामुळं आहे असं भासवायचं होतं.

दुसऱ्यांदा उतरलो, पुन्हा चढलो. खिंडीत दहाला पाच कमी होती. तू म्हणालीस, "आणखी एक." मी म्हणालो, "खाली."

तू मला विचारलंस, "हवा तर थंड आहे, अजून शून्याच्या खाली आहे, मग घाई कसली?" मी तेव्हा धड उत्तर दिलं नाही. इंजिनिअर आहे म्हणून कागदावर देतो. हवा थंड होती. पण बर्फ हवेनं कमी आणि उन्हानं जास्त तापतो. डिसेंबरात इथला सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून २६ अंशांवर लोंबकळतो. एप्रिलच्या मध्याला तो ५९ अंशांवर चढतो. आता दक्षिणेकडे तोंड करून तीसेक अंशांनी कललेला उतार घे. त्याच्यावर हे ऊन जवळजवळ काटकोनात पडतं, म्हणजे सूर्यासमोर परात धरल्यासारखंच. ताजा बर्फ त्यातलं ऐंशी-नव्वद टक्के परत फेकतो, आपली नाकं भाजतात ती त्यानंच, पण उरलेलं पुरेसं असतं. आधी कण एकमेकांचा हात सोडतात. मग पाणी सुटतं, ते खाली त्या कडक पापुद्र्यापर्यंत झिरपतं आणि तिथं अडतं. वर सव्वा फुटाचं ओझं, खाली निसरडी फरशी. आणि उन्हाळी वेळेच्या भानगडीमुळं आपल्या गावचा खरा मध्यान्ह घड्याळात दीडला असतो. बाराला सगळे म्हणतात दुपार झाली, सूर्य अजून चढतच असतो.

कार्डिफची मेख हीच आहे. मजा पलीकडे, उत्तरेच्या सावलीत. घरी जायची वाट मात्र अलीकडे, दक्षिणेच्या उन्हात. सावलीत बर्फ दुपारीही कोरडा राहतो, त्यामुळं तिथं उभं राहून वाटतं की सगळा डोंगरच असा आहे. पुष्कळ जण अलीकडे आल्यावर जागे होतात.

उतरताना खडकांच्या पट्ट्याखालून तू गेलीस तेव्हा तुझ्या डावीकडं बर्फाचे चार-पाच लाडू गडगडत आले होते. सुपारीएवढे सुटले, खाली येईतो नारळाएवढे झाले, मागं बारीक रेघा ओढत. काळा खडक आधी तापतो, त्याच्या कडेचा बर्फ आधी सुटतो. तू वळणांत गुंग होतीस, तुला दिसले नाहीत. सव्वादहा वाजले होते तेव्हा. लाडू वळायला लागले की डोंगरानं तापल्याचं सांगितलं असं समज. पुढं त्याच जागेवरून एका ठिपक्यापासून सुटून खाली पंख्यासारखा पसरत जाणारा ओघ येतो. येतोच असं नाही. येतो, एवढंच.

आता ती अकरा वर्षं.

१९९१ चा एप्रिल. मी इथं येऊन पाच वर्षं झाली होती, स्की शिकून चार. असंच वादळ, अशीच खिंड. आम्ही तिघं दुपारी एकला दक्षिणेकडून उतरलो. गुडघाभर ओला बर्फ, प्रत्येक वळणाला स्कीखालून पाट सुटत होते आणि आम्ही त्यांच्याशी शर्यत लावत होतो. खाली पोचलो, बिअर प्यालो. काही झालं नाही. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एक नियम पक्का झाला: कार्डिफला एकपर्यंत चालतं. कुठल्या पुस्तकात नव्हता, कुणी सांगितला नव्हता, माझा ‘अनुभव’ होता. नंतरच्या वर्षांत वीसेक वेळा तरी मी दुपारचा उतरलो असेन. दर खेपेला नियम आणखी पक्का. नवशिक्यांनी विचारलं तर मी जाणत्याच्या थाटात सांगायचो, "एकपर्यंत चालतं."

२००२ मध्ये मी माझ्या मित्राला असंच सांगितलं. तू ओळखतेस त्याला, नाव लिहीत नाही. पाऊण वाजला होता. एकावेळी एकानंच उतरायचं, तेवढा नियम पाळला होता. तो खाली गेला, मी वर उभा. मला काही ऐकू आलं नाही. सिनेमातलं हिमस्खलन गर्जत येतं. हे आमच्या साइटवर मिक्सरमधून काँक्रीट सोडतात तसं आलं, जाड, सावकाश, पोत्यांसारखी ढेकळं उलटत. माणूस धावून सुटेल असं वाटावं इतकं सावकाश. तो सुटला नाही. पन्नास-साठ मीटर वाहत जाऊन झाडीच्या कडेला थांबला, कमरेपर्यंत आत. आणि थांबल्याक्षणी ते घट्ट झालं. डाव्या पायाची स्की निसटलीच नव्हती. स्की आत एका दिशेला, पाय तिच्याबरोबर, धड दुसऱ्या दिशेला. तोंड वर होतं म्हणून वाचला. मी फावड्यानं पंचवीस मिनिटं खणत होतो आणि तो मला शांतपणे सांगत होता, डावीकडून खण, डावीकडून.

आता तो बर्फावर येत नाही. दिवाळीला आपल्याकडे येतो, फराळ झाला की वरच्या खोलीत पत्ते खेळायला जातो. जिना चढताना तो डाव्या हातानं कठडा धरतो. तू पाहिलं असशील, त्या वेळी मी नेमका स्वयंपाकघरात पाणी प्यायला जातो.

त्यानं मला कधी दोष दिला नाही. मला छळतात ती आधीची वीस उतरणी. त्यातली किती माझ्या अकलेनं निभावली आणि किती डोंगराच्या मेहेरबानीनं? एकाचंही उत्तर मिळत नाही. घाटात वळणावर ओव्हरटेक करणारा ड्रायव्हर आठव. शंभरातून नव्व्याण्णव वेळा समोरून कुणी येत नाही आणि दर खेपेला तो थोडा अधिक पट्टीचा ड्रायव्हर होत जातो, स्वतःच्या नजरेत. स्वयंपाकात मीठ जास्त पडलं तर पहिल्या घासाला कळतं. बर्फावरचा अंदाज चुकला तर बहुतेक वेळा काहीच कळत नाही, उलट पाठीवर शाबासकी मिळते.

मागं फिरणाऱ्याची अडचण त्याहून वाईट. आपण बरोबर होतो हे त्याला कधीच कळायचं नाही. रविवारी त्या तीन मुलांना उत्तर मिळालं नाही, आपल्यालाही नाही. फक्त ती हसत होती आणि आपण गाडीत गप्प होतो.

म्हणून मी वेळ आदल्या रात्री ठरवतो. शनिवारी पिठलं-भात खाताना आपण दोघांनी ठरवलं होतं, साडेदहाच्या आत रस्त्यावर. तेव्हा तू लगेच हो म्हणालीस, कारण तेव्हा तुझ्या पायांखाली तो बर्फ नव्हता. खिंडीत दोन उतरण्यांनंतर तुझं डोकं तुझं नव्हतं. माझंही नव्हतं, हे लक्षात घे. मलाही तिसरी हवी होती. मी तुझ्याकडे न बघता "खाली" म्हणालो, कारण बघितलं असतं तर मीच फिरलो असतो.

एप्रिलमध्ये बर्फ ‘बसलेला’ असतो, धोका हिवाळ्यातला, असं तुझ्या वर्गातला कुणी म्हणत होता ना? त्याला सांग, २० एप्रिल २०१३ ला कोलोरॅडोत लव्हलँड पासजवळ शीप क्रीकला पाच जण गेले. हौशी-नवखे नव्हते, साधनं होती, उतार धोक्याचा आहे हे ओळखून एकमेकांत अंतर ठेवून चालले होते. तो प्रकार आपल्या रविवारपेक्षा वेगळा, तिथं जमिनीलगतचा जुना भुसभुशीत थर खचला. पण महिना एप्रिलच होता. आणखी एक लक्षात ठेव. एप्रिल सरता सरता आल्टाचे पाळणे बंद होतात आणि हिमस्खलनाचं रोजचं भाकीतही थांबतं. बर्फाला मात्र ह्यातलं काही कळवलेलं नसतं, तो मेमध्येही पडतो. तेव्हा स्की रिसॉर्टची हद्दसुद्धा रानच समजायची, तिथले उतार कुणी मोकळे केलेले नसतात.

इथवर मी शहाणा आणि तू अल्लड, असं चित्र झालं. आता त्याची दुसरी बाजू सांगतो, तीच सांगायला हे पत्र मुळात सुरू केलं.

रविवारी गाडीतून उतरल्यावर आपण बीकन, बर्फात गाडलं गेलं तर ठावठिकाणा सांगणारे, तपासले नाहीत. मी माझा सुरू केला, तू तुझा केलास, आणि मी तुझ्या आईच्या गुडघ्याचं काहीतरी सांगत चालायला लागलो. एकानं पुढं जायचं, दुसऱ्यानं त्याचा सिग्नल येतो का ते पाहायचं, मग उलट. दोन मिनिटांचं काम. मी ते हजारदा केलंय आणि रविवारी विसरलो. खिंडीत तू अंगरख्याची चेन उघडलीस तेव्हा मला दिसलं की तुझा फोन बीकनला चिकटून एकाच खिशात आहे, तोही सुरू. सिग्नल सोडताना दोहोंमध्ये निदान वीस सेंटिमीटर हवेत, शोधताना पन्नास, नाहीतर फोन त्याच्यात ढवळाढवळ करतो. मी म्हणालो, "फोन पाठीवरच्या पिशवीत टाक," आणि जणू काही किरकोळ गोष्ट आहे असा आव आणला. किरकोळ नव्हती. पूर्ण गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत निघाला तर बहुधा जगतो, अर्ध्या तासानंतर आशा फार थोडी. दीड तास आपण दक्षिणेचा उतार चढून आलो होतो, आणि मला तू सापडली असतीस की नाही, ह्याची मी चाचणीच घेतली नव्हती.

काही झालं नाही. बघ, मलाही ते शब्द किती सोयीचे आहेत.

तू मार्चमध्ये हिमस्खलनाचा कोर्स केलास. तिथं पहिल्याच दिवशी हे शिकवतात. म्हणजे मी तपासणी चुकवली हे तुला पार्किंगमध्येच कळलं होतं. तुझा चेहरा आता आठवतो, तू बीकन हातात धरून क्षणभर थांबली होतीस. मग मी पुढं निघालो आणि तू तो आत सरकवलास. का बोलली नाहीस? मामाला काय सांगायचं, त्याला चाळीस वर्षांचा अनुभव, असंच ना? इयन मॅकॅमन ह्या अभ्यासकानं १९७२ ते २००३ मधले ७१५ अपघात तपासून माणसं कशाकशाला भुलतात ते मांडलंय. ओळखीची वाट, ताज्या बर्फावर पहिली रेघ ओढायची हाव, आधी कुणीतरी गेलंय हा दिलासा. आणि त्यात हेही आहे, एकाला जाणता मानून बाकीच्यांनी त्याच्यामागं मुकाट चालणं. ते वाचताना मला आमचं घर आठवलं. आमच्या अण्णांसमोर आम्ही कुणी तोंड उघडत नसू. अण्णा चुकायचे, आणि जेवताना सगळ्यांना माहीत असायचं की अण्णा चुकलेत, आणि आमटी वाढली जायची. तुझ्या आईनं तुला वेगळं वाढवलंय अशी माझी समजूत होती. रविवारी पार्किंगमध्ये तू अण्णांच्या पंगतीत बसलेली दिसलीस. खिंडीत मात्र, तिसऱ्या उतरणीसाठी, तुझी जीभ चांगली चालत होती. मला ते उलट हवं आहे. जास्त बर्फासाठी भांडलीस तर मी ऐकणार नाही. पण सकाळी सहाला, बोचऱ्या थंडीत, "मामा, बीकन," एवढं म्हणालीस तर मी गपगुमान मागं वळेन. त्या क्षणी मला राग आला, तरी वळेन. येईलही, स्वभाव आहे.

तुझी आई काल विचारत होती, "दादा, तिला नेमकं काय शिकवतोयस?" मी म्हणालो, वळायला. तिला वाटलं बोर्डावर.

गुरुवारी रात्री पुन्हा वादळ येतंय असं दिसतंय. फूटभर तरी पडेल. शनिवार मोकळा ठेव, पण ह्या वेळी कार्डिफ नको. जिथून येताना उन्हातून यावं लागणार नाही असं काहीतरी नकाशात तू शोध, वाटही तू आख, परतायची वेळही तूच ठरव. मी फक्त डबा करीन. शुक्रवारी जेवायला ये, म्हणजे नकाशा टेबलावर पसरता येईल. स्किन्स तेव्हाच घेऊन जा. तुझी मामी म्हणते, त्या दोरीवर लोंबताहेत तोवर तिला तळघरात पाऊल टाकववत नाही, मेलेल्या घोरपडीसारख्या दिसतात म्हणे.

तुझा,
मामा

ता. क. तुझ्या डाव्या स्किनचा गोंद शेपटीकडं गेलाय, बर्फ आत शिरलेला दिसतो. रविवारी दुसऱ्या चढाला तुझ्या पायाखाली ढेकळं धरत होती आणि तू खडावा घातल्यासारखी ठकठक चालत होतीस, ते वेगळं. उन्हातला ओला बर्फ घेऊन सावलीत शिरलं की तसं होतं, त्याला मेण घासायचं. गोंदाचं मात्र नवीन लावावं लागेल. माझ्याकडे डबी आहे, पण वास फार येतो, मामी झोपल्यावर करू.